तारलेल्यांचे गीत (वाचन: निर्गम 15:1-27)



तांबड्या समुद्रातून पार होताच इस्राएल लोक गाऊ लागले. मोशेचे गीत लांब आहे. मिर्यामने मात्र हाती डफ घेऊन एकच कडवे धरले आणि सगळ्या स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या.

पुढचा भाग आपण सहसा वाचत नाही. तीन दिवस पाणी नाही. मारा येथे मिळाले तेही कडू. देवाने सोडवले होते, पण रान तसेच होते.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरकू वस्त्यांत, हा अध्याय मला फारसा समजावून सांगावा लागत नाही. वीटभट्टीवरून मुलाबाळांसह सुखरूप परतलेल्या बाया पहिल्याच रविवारी ढोलकीवर कोरकूत गातात. उचल फिटलेली नसते, हातपंप कोरडा असतो. 'आधी त्यांना मराठी गीते शिकवा,' असे काही मित्र सुचवतात. मला ते पटत नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे आपण अभंगात प्रभूला गाऊ लागलो. मग कोरकू बहिणींनी आपल्या चालीत का गाऊ नये?

या तिमाहीत कुटुंबप्रार्थनेत हा अध्याय शेवटपर्यंत वाचा; एलीमचे बारा झरे 27व्या वचनात आहेत. आणि वस्त्यांवरील पाण्यासाठी प्रार्थना करा.