पिल्लू नेमकं कधी आणावं?

प्रश्न : विक्रेता कॉकाटील पक्ष्याचं ३ आठवड्यांचं पिल्लू देतोय. ‘हातानं भरवलंत तरच माणसाळेल,’ म्हणतो. आणू का?

उत्तर : नको. भरवणं दिसतं तितकं सोपं नाही. पेज जरा जास्त गरम असली की गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. सिरिंज घाईत दाबली की पेज श्वासनलिकेत जाते. साधारण ८ ते १० आठवड्यांचं पिल्लू स्वतः खाऊ लागतं, तेव्हा आणा. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, समोर राळे टाकून बघा. दाणा नुसता चिवडतंय, की सोलून टरफल खाली टाकतंय? माणसाळायला रोजचा सहवास पुरतो. आणि हो, तिथं हिरवा देशी पोपटही विकायला असेल, तर त्या दुकानाची पायरीच चढू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो विकणं गुन्हा आहे.