फ्रेंच होता होता राहिलेलं बंदर

प्रश्न : आम्ही उलव्यात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत एखादं जुनं फ्रेंच बंदर पाहावं असं घरात चाललंय. मुलगी आठवीत आहे आणि तिला इतिहासाची गोडी लागलीय. फ्रान्सला जाणं आम्हाला परवडणारं नाही, पाँडिचेरी फार लांब पडते. तिनं विचारलेला प्रश्न तुमच्याकडे पाठवतो : वसईला पोर्तुगीज होते, मुंबईत इंग्रज, वेंगुर्ल्यात डच, मग फ्रेंचांचं बंदर आपल्या किनाऱ्यावर का नाही? आणि आम्हाला जवळात जवळ कुठं जाता येईल?
— एक वाचक, उलवे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. फ्रेंचांचं राज्य राहिलेलं, पश्चिम किनाऱ्यावरचं गाव म्हणजे माहे. ते केरळच्या किनाऱ्यावर आहे आणि पनवेलहून गाडीनं एका रात्रीच्या अंतरावर. त्याविषयी पुढं सांगतोच. पण मुलीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात, रेवदंड्याला आहे. माझं ऐकाल तर आधी एका रविवारी तिकडे जाऊन या.

फ्रेंच आपल्याकडे आलेच नाहीत असं नाही. १६६८ मध्ये त्यांनी सुरतेला वखार घातली. शिवकाळात राजापुरातही त्यांची वखार होती. आबे कारे नावाचा फ्रेंच पाद्री १६७०च्या दशकात या किनाऱ्यावर हिंडून गेला आणि शिवाजी महाराजांविषयी त्यानं मोठ्या आदरानं लिहून ठेवलं. पण वखार म्हणजे दुसऱ्याच्या राज्यात परवानगीनं माल साठवायची जागा. स्वतःच्या तोफा, स्वतःची जकात, स्वतःची जहाजं असलेलं बंदर फ्रेंचांना कोकणात कधीच मिळालं नाही. मिळता मिळता राहिलं ते मात्र एकदा, १७७७ साली.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ रेवदंड्याला लागूनच असलेल्या चौलच्या बंदरात उतरला. दक्षिणेत पूर्वी वावरलेला, हैदर अलीच्या दरबाराची माहिती असलेला, धाडसी आणि बोलघेवडा माणूस. फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून तो पुण्याला गेला आणि पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांनी त्याचा मोठा सत्कार केला. बोलणं असं चाललं होतं की फ्रान्सनं गोरे सैनिक आणि दारूगोळा द्यावा, पेशव्यांच्या शिपायांना कवायत शिकवावी आणि त्याबदल्यात चौल-रेवदंड्याचं बंदर फ्रेंचांकडे जावं. हे सगळं पुण्यातला इंग्रजांचा वकील मॉस्टिन डोळ्यांत तेल घालून पाहत होता आणि मुंबईला कळवत होता.

नानांना ही गरज का पडली, हे मुलीला नीट समजावून सांगा. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांचे काका राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७७६चा पुरंदरचा तह झाला खरा, पण मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून मान्य नव्हता. जमिनीवर मराठे इंग्रजांना भारी होते, समुद्रावर मात्र तसं राहिलं नव्हतं. १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार मोडलं होतं. आनंदराव धुळपांनी पुढं पेशव्यांचं आरमार नेटानं चालवलं, १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर हे जहाज लढून पकडलं, पण कान्होजी आंग्र्यांच्या वेळचा दरारा परत आला नाही. स्वतःचं आरमार आपण होऊन जाळायला लावल्यावर एकवीस वर्षांनी पुण्याच्या कारभाऱ्याला दुसऱ्या दर्यावर्दी सत्तेकडे पाहावं लागलं. मला हा मराठ्यांच्या इतिहासातला अतिशय दुःखाचा धागा वाटतो, आणि चौलची सगळी हकिगत त्याच धाग्याला बांधलेली आहे.

नाना सेंट लुबिनवर कितपत विसंबून होते? माझं मत असं की फारसे नाहीत. इंग्रजांना धाकात ठेवायला फ्रेंच वकील पुण्यात दिसत राहणं त्यांना पुरेसं होतं. धाक बसलाही, पण उलटा परिणाम झाला. मुंबईहून समुद्रानं पन्नास किलोमीटरही नाही अशा जागी फ्रेंच तोफा येणार, या कल्पनेनं कलकत्त्याचा वॉरन हेस्टिंग्ज अस्वस्थ झाला. १७७८ मध्ये त्यानं काल्पीहून एक फौज थेट मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे धाडली. ती आधी लेस्लीच्या आणि त्याच्या मृत्यूनंतर गॉडर्डच्या हाताखाली आली. तिची वाट न पाहता मुंबईकरांनी पुण्याची वाट धरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आले. सेंट लुबिनला नानांनी त्याआधीच, १७७८च्या पावसाळ्यात, निरोप दिला होता. पुढं १७८२च्या सालबाईच्या तहात कलमच घातलं गेलं की पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडल्या तर इंग्रजांवाचून दुसऱ्या कुणा युरोपियनाला पेशव्यांच्या मुलखात वखार घालू द्यायची नाही. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या कलमात आहे. फ्रेंचांसाठी कोकणचं दार तिथं बंद झालं.

आता रेवदंड्याला जायचं कसं. पेण, वडखळ, अलिबाग असा सडकेचा रस्ता तुम्हाला माहीत असेलच. पण मुलीबरोबर जाताय तर समुद्रानं जा. उलव्याहून लोकलनं उरण, तिथून करंजा, करंज्याहून लाँचनं रेवस, मग अलिबागमार्गे रेवदंडा. वेळ जास्त लागतो, पण या खाड्या आणि ही बंदरं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते नकाशावर समजत नाही इतकं होडीत समजतं.

रेवदंड्यात फ्रेंच असं काहीच दिसणार नाही, हे आधी सांगून ठेवतो. जे दिसतं ते पोर्तुगीजांचं. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्यांनी इथं कोट बांधला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. अलिबागचा रस्ता तटाला भेदूनच गावात शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत जुन्या चर्चांच्या भिंती उभ्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले पडले, उरलेलेही पाहण्यासारखे आहेत. मग किनाऱ्यावर या आणि कुंडलिकेच्या मुखाकडे तोंड करून थोडा वेळ थांबा. समोर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसेल, त्यावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. एका अंगाला कोर्लई, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याचा कोट आणि मध्ये जहाजं आत घेणारी खाडी. हे दोन किल्ले ज्याच्या हातात त्याच्या हातात बंदर. फ्रेंचांना हीच जागा का हवी होती आणि इंग्रजांना तिची इतकी भीती का वाटली, हे पुस्तकापेक्षा तिथं उभं राहून लवकर कळतं. साळावचा पूल ओलांडून कोर्लई गावातही जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून निपजलेली बोली अजून घराघरात बोलली जाते.

एक गोष्ट तुमच्या अगदी शेजारची. न्हावा शेवा बंदरातला सर्वांत जुना कंटेनर धक्का २०२२ मध्ये ज्या भागीदारीकडे चालवायला गेला, तिच्यात फ्रान्समधल्या मार्सेयच्या सीएमए सीजीएम या जहाज कंपनीचा वाटा आहे. चौलला जे दोन दरबारांच्या बोलण्यातून जमलं नाही, ते उलव्याच्या पलीकडे निविदा भरून जमलं.

माहेचं आता सांगतो. पनवेलला दुपारी नेत्रावती एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तलश्शेरी येतं. तिथून माहे आठ-नऊ किलोमीटर. (पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात, ते पाहून घ्या.) गाव नऊ चौरस किलोमीटरचं, एका बाजूला समुद्र, बाकी बाजूंनी केरळ, पण कारभार पुदुच्चेरीचा. फ्रेंच १७२१ मध्ये तिथल्या राजाशी करार करून मिरीच्या व्यापारासाठी आले आणि हातचं गेल्यावर १७२५ मध्ये लढून त्यांनी ते पुन्हा मिळवलं. त्या लढाईत पुढं असलेला ला बूर्दोने हा फ्रान्समधल्या सें-मालो या बंदरातला खलाशी. तलश्शेरीला इंग्रज आधीच बसलेले होते. एकाच मिरीसाठी दोन कंपन्यांनी हाकेच्या अंतरावर ठाणी मांडली होती.

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकानं माहेत एक वर्ष लक्षात ठेवावं : १७७९. वडगावच्या पाठोपाठ मार्चमध्ये इंग्रजांनी माहे घेतलं. हैदर अलीचा फ्रेंच दारूगोळा त्याच बंदरातून येत होता, म्हणून तो चवताळला आणि नानांच्या इंग्रजविरोधी आघाडीत सामील झाला. पुढं माहे फ्रेंचांना परत मिळालं आणि १६ जुलै १९५४ रोजी ते कायमचे निघून गेले. आय. के. कुमारन मास्तरांच्या महाजन सभेनं तो लढा दिला होता.

तिथं फार काही पाहायची अपेक्षा ठेवू नका. मय्यळी नदीच्या मुखाशी बांधलेली फिरायची वाट, काही जुन्या सरकारी इमारती आणि सेंट तेरेसाचं चर्च. ऑक्टोबरमध्ये या चर्चचा उत्सव असतो, १४-१५ तारखेला सगळ्यांत मोठी गर्दी, सर्व धर्मांची माणसं येतात. रस्त्यावर दारूची दुकानं ओळीनं दिसतील, कारण पुदुच्चेरीचा कर केरळपेक्षा कमी. निम्मा दिवस माहेला द्या, उरलेला तलश्शेरीच्या किल्ल्याला आणि तिथल्या बिर्याणीला.

आणि पुढंमागं पाँडिचेरीला गेलातच, तर नुसते पिवळ्या भिंतींचे रस्ते पाहून परत येऊ नका. तिथून साधारण सत्तर किलोमीटरवर जिंजी आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली तेव्हा पाँडिचेरीचा फ्रेंच प्रमुख फ्रान्स्वा मार्तें यानं त्यांच्याकडे वकील पाठवून अभय मागितलं आणि ते त्याला मिळालं. पुढं त्याच मार्तेंला कोट बांधायची परवानगी मराठ्यांकडूनच घ्यावी लागली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. जिंजीतल्या राजगिरी टेकडीची चढण उभी आहे. सकाळी लवकर सुरुवात करा आणि पाणी भरपूर घ्या.