छज्ज्याची सळई वर

करमाड स्टेशनावरून शेंद्र्याच्या एमआयडीसीकडे निघालं की लोखंडी ट्रसच्या शेड ओळीनं दिसू लागतात. प्रस्तुत लेखकानं त्या शाळकरी वयापासून पाहिल्या आणि पुढे बी.आर्क.ला त्यांची स्केचेसही काढली. त्यातली कोणती दांडी दाबली जाते आणि कोणती ताणली जाते, हा प्रश्न मात्र गेट परीक्षेच्या हॉलमध्ये बसेपर्यंत त्याला पडलाच नव्हता.

आपल्याकडे आर्किटेक्टला परवान्याची वेगळी परीक्षा नाही. मान्यताप्राप्त पदवी असली की १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी होते. अमेरिकेत परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि २०१८ पर्यंत तिथे स्ट्रक्चरचा स्वतंत्र पेपरच असे. इथे हा विषय पुन्हा गाठतो तो एम.आर्क.साठी गेट द्यायची ठरली की.

पाच वर्षं डिझाइनच्या सबमिशनसाठी रात्री जागवणाऱ्या या गृहस्थानं स्ट्रक्चर व्हायवापुरतंच वाचलं होतं. शेवटच्या महिन्यात त्यानं सूत्रांची वही पाठ केली. परीक्षेत पर्यायांचे प्रश्न अंदाजानं ठोकले, आणि आकडा टाइप करायचे प्रश्न 'गणित नको' म्हणून कोरे सोडले. करायचं होतं नेमकं उलट! पर्याय चुकला तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. टाइप केलेला आकडा चुकला तर काहीच कापत नाहीत.

जिथे गणित केलं तिथे एककांनी दगा दिला. ६ मीटरचा साधा बीम, मीटरला २० किलोन्यूटन भार, म्हणजे मधला मोमेंट ९० किलोन्यूटन-मीटर. इथवर बरोबर. त्याचे न्यूटन-मिलिमीटर करताना दहाचा सहावा घात लागतो. यानं तिसरा लावला.

डोळे उघडले ते गावातल्या एका बांधकामावर. छज्ज्याच्या सळया खाली दबलेल्या पाहून म्हातारा फिटर पोरावर खेकसला, "वर घे त्या! काँक्रीट टाकताना पाय देऊ नको, उद्या कुणाच्या डोक्यात पडंल." त्याला सूत्र ठाऊक नव्हतं, लेखकाला सूत्र येत होतं, पण ताण वरच्या बाजूला येतो हे सुचलं नसतं. तोच ६ मीटरचा बीम एकाच टोकाला धरला तर मोमेंट ३६० होतो, चौपट, आणि ताणाची बाजूही पालटते. आयएस ४५६ मध्ये गाळा आणि खोलीचं प्रमाण कॅंटिलिव्हरला ७, साध्या बीमला २० आणि सलग बीमला २६ का, हे त्या दिवशी न घोकता कळलं.

तेव्हा आधी बीम कसा वाकेल ते काढा, मग मोमेंटची आकृती, आणि सूत्र सर्वांत शेवटी. रुंदी दुप्पट केली तर जडत्वाचा मोमेंट दुप्पट होतो, खोली दुप्पट केली तर आठपट. हे एकदा स्वतः करून पाहा. सराव पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच करा, परीक्षेत खिशातला चालत नाही.

भूकंपरोधक बांधकामही अभ्यासक्रमात आहे, आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी लांबचं उदाहरण नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या भूकंप-नकाशात झोन एक उरलाच नाही.

गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. लेखकाचा पहिला स्कोअर कुठेच दाखवण्याजोगा नव्हता.