उपसर्गाचा उपसर्ग

व्याकरणांत 'उपसर्ग' म्हणजे शब्दाच्या आरंभीं जोडलेलीं अक्षरें. व्यवहारांत 'उपसर्ग' म्हणजे त्रास. संगणकावरील पान रचतांना हे दोन्ही अर्थ एकदम कसे अनुभवास येतात, तें पाहूं.

पानाची मांडणी व रंग ठरविणाऱ्या नियमांस सीएसएस म्हणतात. नवी सोय सर्वमान्य होण्यापूर्वीं ब्राउझर तयार करणारे ती आपल्या खुणेचा उपसर्ग लावून प्रयोगादाखल देत: सफारी व क्रोमचा '-वेबकिट-', फायरफॉक्सचा '-मॉझ-', मायक्रोसॉफ्टचा '-एमएस-'. प्रयोग व प्रमाण यांची गल्लत होऊं नये, हा हेतु चांगला होता. परंतु लोकांनीं प्रयोगासच कायमचें करून टाकलें. इतकें कीं, २०१६ सालीं फायरफॉक्सला परक्या '-वेबकिट-' उपसर्गाचे कित्येक नियम मान्य करावे लागले.

गतवर्षीं आमच्या वर्गानें सरावासाठीं एक प्रवेशअर्ज रचला. पत्त्याच्या रिकाम्या चौकटींत 'मुलुंड (पश्चिम), मुंबई ४०००८०' असा नमुना फिकट अक्षरांत दिसे. मंद दृष्टीच्या पालकांस तो वाचतां यावा, म्हणून एका मुलानें अक्षरें गडद करण्याचा नियम लिहिला. नियम कोणास लागू, हें सांगणाऱ्या भागास सिलेक्टर म्हणतात. त्यानें साधा 'प्लेसहोल्डर' हा सिलेक्टर आणि त्याचींच '-मॉझ-' व '-एमएस-' लावलेलीं रूपें स्वल्पविरामांनीं एकत्र जोडलीं. क्रोममध्यें अक्षरें फिकटच राहिलीं!

याचें कारण असें. अनोळखी गुणधर्म आढळल्यास ब्राउझर तेवढाच वगळतो. परंतु सिलेक्टरांच्या यादींत एक जरी अनोळखी निघाला, तरी सामान्यतः संपूर्ण नियमच टाकून देतो. मग ओळखीच्या सिलेक्टरासहि थारा मिळत नाहीं.

उपाय सोपा आहे. २०१७ सालीं फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिन्हींत साधा 'प्लेसहोल्डर' चालूं लागला. म्हणून उपसर्ग काढून टाकावा. एखाद्या जुन्या ब्राउझरसाठीं तो ठेवणें भागच असेल, तर त्याचा नियम स्वतंत्र लिहावा. मुलानें तीं दोन रूपें खोडतांच पत्ता स्पष्ट दिसूं लागला.

"अधिक लिहिलें तर अधिक बरें, असें मला वाटलें," तो म्हणाला. बाळांनो, दुसऱ्यानें लिहिलें एवढ्यावरून कांहीं उतरून घेऊं नका. तें अद्याप लागतें काय, हें आधीं विचारा. अर्ज भरणाऱ्या आजोबांस आपली विद्वत्ता नको असते. त्यांस अक्षरें दिसलीं म्हणजे झालें.