सराव शाळेकडून सहभागी शाळेकडे : मराठीचा शिक्षक घडवताना

शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम बदलला की त्याची चर्चा सहसा कालावधीभोवती फिरते. एक वर्षाचा बी.एड. दोन वर्षांचा झाला, आता चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला, पदवीनंतर पुन्हा एक वर्षाची वाट खुली होणार, अशा बातम्या आपण वाचतो आणि विद्यार्थ्यांना कोणता मार्ग सोयीचा, एवढाच हिशेब करतो. वास्तविक या बदलांमुळे दोन जुन्या विभागण्या मोडण्याची शक्यता निर्माण झाली आहे. विषय शिकवणारा विद्यापीठीय विभाग आणि पद्धती शिकवणारे अध्यापक महाविद्यालय ही पहिली विभागणी, आणि अध्यापक महाविद्यालय व शाळा ही दुसरी. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्यांना या दोन्हींचा फटका इतरांपेक्षा अधिक बसत आला आहे. म्हणून या बदलांकडे मराठीच्या अध्यापकांनी, विशेषतः साहित्य शिकवणाऱ्यांनी, लक्षपूर्वक पाहायला हवे. मी गोव्यातील एका महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो. माझे बरेच विद्यार्थी पुढे शाळेत शिक्षक होतात. त्या अनुभवाच्या आधारे हे विवेचन करीत आहे.

बदलांचा क्रम

एक वर्षाच्या बी.एड.मध्ये शाळेतील अनुभव म्हणजे मुख्यतः सराव पाठ. छात्राध्यापकाने टाचण काढायचे, ते तपासून घ्यायचे, नेमून दिलेल्या वर्गावर नेमून दिलेला घटक शिकवायचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाने वहीत शेरा लिहायचा. पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ या पायऱ्या ठरलेल्या. त्याआधी सूक्ष्म अध्यापन. मूळ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात विकसित झालेले हे तंत्र १९७०च्या दशकात आपल्याकडे रुजले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रगत शिक्षण अध्ययन केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. तिथे या विषयावर काम केलेले डॉ. बी. के. पासी पुढे इंदूरच्या विद्यापीठात गेले. मराठी वस्तीच्या या दोन जुन्या शहरांचे नाव भारतातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात असे जोडले गेले आहे.

सूक्ष्म अध्यापनाने कौशल्ये सुटी करून शिकवली. प्रश्न कसा विचारावा, फळ्याचा उपयोग कसा करावा, उदाहरण कसे द्यावे हे त्यातून चांगले समजते. परंतु ही कौशल्ये सहाध्यायांसमोर, पाच-सहा मिनिटांच्या पाठात घोटली जातात. समोर बसलेला सहाध्यायी विद्यार्थ्याची भूमिका करतो. त्याला मराठी येत असते. खरा वर्ग तसा नसतो.

या तुटलेपणाकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) फार पूर्वी बोट ठेवले होते. प्रशिक्षण संस्था विद्यापीठीय जीवनापासून, शाळांपासून आणि एकमेकींपासून अलग पडल्या आहेत आणि हे अलगपण दूर झाले पाहिजे, असे आयोगाचे स्पष्ट प्रतिपादन होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतून ग्रामीण शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेले. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची कल्पनाही नवी नाही. १९६०मध्ये कुरुक्षेत्र येथे आणि १९६३पासून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र एकत्र शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. महाविद्यालयाला लागून प्रात्यक्षिक शाळा हे या प्रादेशिक महाविद्यालयांचे वैशिष्ट्य. भोपाळची संस्था मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या राज्यांसाठी काम करते. मात्र हे प्रयोग मोजक्या संस्थांपुरते राहिले. बाकी देशभर पदवी एका ठिकाणी आणि बी.एड. दुसऱ्या ठिकाणी, हीच रीत चालू राहिली.

न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२मध्ये आला आणि त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचा केला. २०१५पासून तो लागू झाला. त्यात शाळेतील छात्रसेवाकाल किमान वीस आठवड्यांचा ठरला. सर्व विषयांतून होणारा भाषाविकास हा स्वतंत्र अभ्यासघटक आला आणि पाठ्य वाचून त्यावर चिंतन करण्याचे प्रात्यक्षिकही आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने २०३०पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी व्हावी असे म्हटले, आणि अशा प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने शासकीय व खाजगी शाळांचे जाळे जोडून घ्यावे असेही सुचवले. एकात्मिक अभ्यासक्रमाची नियमावली २०२१मध्ये निघाली आणि २०२३-२४पासून निवडक संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक या नव्या शालेय स्तरांनुसार त्याची रचना आहे. याच सुमारास, ११ ऑगस्ट २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही असा निर्णय दिला. कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचे हे आधी ठरवा, मग त्याचे प्रशिक्षण घ्या, असा या घडामोडींचा एकत्रित अर्थ आहे. २०२५मध्ये परिषदेने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात चार वर्षांची पदवी वा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बी.एड. पुन्हा सुचवला आहे.

साहित्य विभागाची नवी जबाबदारी

एकात्मिक अभ्यासक्रमात मराठी विषय निवडणारा विद्यार्थी बारावीनंतर, अठराव्या वर्षी आपल्याकडे येईल. त्याला भाषा आणि साहित्य शिकवणारे आपणच असू. आजपर्यंत बी.ए.च्या वर्गात कथा, कविता, साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान शिकवताना ‘पुढचे बी.एड.वाले पाहतील’ असे म्हणण्याची मुभा होती. ती आता राहत नाही. उलट बाजूने, आशययुक्त अध्यापन पद्धती शिकवणाऱ्यांनाही आशय विद्यार्थ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरता येणार नाही. दोघांना एकाच विद्यार्थ्यासाठी एकत्र बसून अभ्यासक्रम आखावा लागेल.

याचा प्रत्यक्ष अर्थ व्याकरणाच्या उदाहरणावरून सांगतो. कर्मणी आणि भावे प्रयोग आपण पदवीच्या वर्गात व्याख्या आणि लक्षणे सांगून शिकवतो. शाळेत तेच वेगळ्या रूपात समोर येते. गोव्यात घरी कोकणी बोलणारे मूल ‘हांव’ आणि ‘हांवें’ असा भेद रोज करते. मराठीत मात्र ‘मी जातो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ या दोन्ही ठिकाणी ‘मी’च. मराठीतला हा भेद तृतीय पुरुषात, ‘तो’ आणि ‘त्याने’ यांत, दिसतो. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे, तो मुलाच्या घरच्या भाषेच्या आधाराने प्रयोग शिकवील. ज्याला ठाऊक नाही, तो कोकणीचा प्रभाव म्हणून लाल रेघ ओढील आणि पुढे जाईल.

प्रत्येक केंद्रात हे चित्र वेगळे आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या सहवासात वाढलेल्या मुलाला नपुंसकलिंग अवघड जाते, कारण हिंदीत लिंगे दोनच. ते ‘घर मोठा आहे’ असे सहज लिहिते. ‘शिक्षा’ हा शब्द वाचून त्याच्या मनात शिक्षण येते, मराठी पाठात मात्र कोणाला तरी दंड झालेला असतो. बडोद्याच्या मुलाला तीन लिंगे परकी नाहीत, गुजरातीतही ती आहेत. पण गुजराती लिपीला शिरोरेघ नसल्यामुळे देवनागरी लिहिताना त्याचे लक्ष तिकडे वेगळे वेधावे लागते. बेळगाव-खानापूर भागात मुलगी ‘मी जातो’ म्हणते तेव्हा ती चुकत नसते, आपल्या बोलीत बोलत असते. प्रमाण मराठीतले रूप तिला शिकवायचेच आहे, पण तिच्या आजीच्या बोलण्याला अशुद्ध न ठरवता.

पुण्यात वा मुंबईत तयार झालेले मराठी अध्यापन पद्धतीचे पुस्तक यातले काही सांगू शकत नाही. त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. हे ज्ञान त्या त्या गावच्या वर्गात आहे, आणि ते तिथून उचलून अभ्यासक्रमात आणण्याची वाट म्हणजे छात्रसेवाकाल.

वीस आठवडे कसे जातात

कागदावर वीस आठवडे पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात काय होते, हे शाळेतील आणि अध्यापक महाविद्यालयातील मित्रांशी बोलताना कळते. छात्राध्यापक शाळेत येतात तेव्हा घटक चाचणी, स्नेहसंमेलन वा क्रीडास्पर्धा यांपैकी काहीतरी चालू असते. रजेवर गेलेल्या शिक्षकांचे तास त्यांच्या वाट्याला येतात. मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम पूर्ण होईल की नाही ही चिंता असते, तीही रास्त. ज्या शिक्षकाच्या वर्गात छात्राध्यापक उभा राहतो, त्या शिक्षकाला या कामासाठी वेळ, मानधन किंवा मान यांतले काहीच नीट मिळत नाही. मग तो तास मोकळा मिळाला म्हणून शिक्षक कक्षात वह्या तपासत बसतो. त्याला दोष देता येणार नाही. शाळेने जागा दिली, महाविद्यालयाने मनुष्यबळ दिले, एवढाच व्यवहार असेल तर त्यातून दुसरे काही निघणार नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आज त्यांतील अनेक शाळांत पटसंख्या कमी आहे आणि एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. त्यापुढील शिक्षण बहुतांशी इंग्रजी माध्यमातून आणि तिथे मराठी हा एक भाषाविषय. म्हणजे मराठीच्या शिक्षकाला दोन अगदी भिन्न वर्गांची तयारी लागते. बहुवर्ग अध्यापनाचा एक वर्ग आणि इतर सर्व विषय इंग्रजीतून शिकून मराठीच्या तासाला येणाऱ्या मुलांचा दुसरा. सराव पाठांसाठी सोयीच्या, शहरातील मोठ्या शाळा निवडल्या तर पहिला वर्ग छात्राध्यापकाला कधी दिसतच नाही. ज्या शाळेत उद्या त्याची गरज सर्वांत जास्त असेल, तीच त्याला अनोळखी राहते.

काय करता येईल

भागीदारी हा शब्द धोरणात सोपा वाटतो. तो व्यवहारात आणायचा तर देणे-घेणे दोन्ही बाजूंनी ठरवावे लागेल. माझ्या दृष्टीने पुढील गोष्टी मोठ्या निधीशिवायही करता येण्याजोग्या आहेत.

एक, शाळा दरवर्षी बदलू नयेत. एका महाविद्यालयाने सहा-सात शाळांशी किमान चार-पाच वर्षांचा करार करावा आणि त्यांत कमी पटाची एकतरी प्राथमिक शाळा असावी. ओळख झाली की शाळा आपल्या अडचणी सांगू लागते. प्रत्येक शाळेत छात्राध्यापक त्याच स्तराचे असावेत, ज्यासाठी ते तयार होत आहेत.

दोन, मार्गदर्शक शिक्षकाची नेमणूक नावानिशी व्हावी. त्याच्या कामाचे तास वेळापत्रकात दाखवावेत. छात्राध्यापकाच्या अंतिम मूल्यमापनात त्याचे मत गणले जावे. पाठाचे निरीक्षण एकदा येऊन जाणाऱ्या प्राध्यापकापेक्षा तो अधिक विश्वासाने करू शकतो. बदल्यात विद्यापीठाने त्याला ग्रंथालयाचे सभासदत्व, उजळणी वर्ग आणि संशोधनात सहलेखकाचे स्थान द्यावे.

तीन, छात्राध्यापकाने टाचण वहीबरोबर भाषा-नोंदवही ठेवावी. मुले काय बोलली, कुठे अडली, कोणता शब्द त्यांनी घरच्या भाषेतून आणला, पाठ्यपुस्तकातला कोणता संदर्भ त्यांना अपरिचित होता, हे तारखेसह लिहावे. चुकांची यादी एवढ्यावर न थांबता चुकीमागचे कारण शोधावे. अशा पन्नास नोंदवह्या एकत्र केल्या तर त्या गावच्या मराठी अध्यापनाचे पाठ्यपुस्तक लिहिण्याइतकी सामग्री जमेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही.

चार, साहित्याच्या प्राध्यापकाने सत्रातून दोनदा तरी शाळेत जाऊन तास घ्यावा आणि शाळेच्या शिक्षकाने महाविद्यालयात येऊन एक पाठ उलगडावा. सातवीच्या मुलांना कविता शिकवायला लागली की आपल्या समीक्षेतील कोणते शब्द नुसतेच आवाज करतात, ते लगेच कळते. शाळेच्या शिक्षकालाही आपला पाठ केवळ परीक्षेपुरता नाही, याची पुन्हा आठवण होते.

पाच, मराठी अकादमींनी आपापसांत छात्राध्यापकांची देवाणघेवाण घडवावी. गोव्याच्या विद्यार्थ्याने तीन आठवडे बेळगावात, इंदूरच्या विद्यार्थ्याने बडोद्यात राहून शिकवले, तर आपल्या गावची अडचण ही केवळ आपली नाही, आणि तिच्यावर दुसरीकडे काही उपाय सापडलेला असू शकतो, हे त्याला उमजेल. निवडक भाषा-नोंदी आणि पाठ अकादमीने वार्षिकात छापावेत.

या सूचनांना एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. मराठी घेणारे विद्यार्थीच घटत असताना चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मराठी निवडणार कोण? नोकरीची खात्री नसताना अठराव्या वर्षी कोणी या वाटेला का वळावे? याचे उत्तर अभ्यासक्रमात नाही, शिक्षकभरतीत आणि शाळा चालू ठेवण्याच्या धोरणात आहे. ती मागणी आपण स्वतंत्रपणे आणि सातत्याने केलीच पाहिजे. मात्र भरती होईल तेव्हा त्या जागेवर उभा राहणारा शिक्षक कसा असेल, हे आज आपल्या विभागात ठरते आहे. एकात्मिक अभ्यासक्रमाची आखणी बहुतेक विद्यापीठांत अजून व्हायची आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत भाषेच्या अभ्यासपत्रिका ठरतील तेव्हा आपण केवळ जुन्या बी.ए.च्या पत्रिका नव्या नावाने पुढे केल्या, तर चार वर्षांनी बाहेर पडणारा शिक्षक आजच्यासारखाच असेल. त्या बैठकीला जाताना मराठीच्या प्राध्यापकांनी जवळच्या शाळेतल्या एका मराठी शिक्षकाला सोबत न्यावे.