केमिस्ट्री घेऊन करणार काय?

सीईटीचा निकाल लागला की तेच फोन सुरू होतात. "पर्सेंटाइल घसरलंय, पण मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळेल ना? पैशांची सोय आहे." मुलीला काय आवडतं, असं मी विचारतो. "केमिस्ट्री आवडते हो तिला, पण बी.एस्सी. करून करणार काय?"

फार्मसी, केमिकल इंजिनिअरिंग तुम्हाला पाठ आहे. मी माझ्या आवडीचं सांगतो: पुरातत्त्वातलं रसायन.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी सुमारे ३००० वर्षांपूर्वीची तांबडी भांडी आहेत, त्यांवर काळी नक्षी. असा काळा रंग काजळीचा, मँगनीजचा की लोहाचा? खापर न खरवडता सांगायचं. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र क्ष-किरण सोडतं, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. मँगनीज पटकन सापडतं. लोहाची पंचाईत होते, कारण किरण रंगाचा पातळ थर ओलांडून खालच्या मातीत शिरतात आणि मातीतही लोह असतंच. म्हणून नक्षीवर आणि शेजारच्या कोऱ्या जागेवर, दोन्हीकडे मोजायचं. काजळी तर या यंत्राला दिसतच नाही. तिथे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम कामाला येतो: लेझर टाकला की कार्बन वर्णपटात १३५० आणि १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन रुंद शिखरं दाखवतो. लेझर जोरात ठेवला तर मात्र काळं मॅग्नेटाइट तापून तांबडं हेमॅटाइट होतं, आणि उतावळा विद्यार्थी स्वतःच बनवलेलं खनिज प्राचीन म्हणून लिहून मोकळा होतो!

रसायन, भौतिक किंवा भूशास्त्रात पदवी, मग पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाची डेहराडूनची विज्ञान शाखा, लखनौची संवर्धन प्रयोगशाळा, संग्रहालयं. जागा मोजक्याच, जाहिराती उशिरा निघतात आणि पीएच.डी. होईतो तिशी येते. घराला चार वर्षांत पगार हवाच असेल, तर या वाटेला जाऊ नका. त्यात कमीपणा नाही.

पण कोट्यासाठी लाखो रुपये तयार ठेवणाऱ्यांनी 'बी.एस्सी. परवडत नाही' हे मला ऐकवू नये. तुम्हाला परवडत नाही ते लग्नाच्या पंगतीत "मुलगी खापरं तपासते" असं सांगणं. आणि उद्या खापरांत नोकरी नाहीच मिळाली, तर एक्सआरएफ सिमेंट कारखान्यातही रोज लागतं आणि रामन औषध कंपन्यांतही.