रामलिंगाच्या दरींतील वसंत



वसंतऋतूचें जें वर्णन आपण क्रमिक पुस्तकांत वाचतों, तें बहुधा आम्रवनें, कोकिळेचें कूजन व शीतल वायु यांचें असतें. धाराशिव जिल्ह्यांतील मुलास तें वाचून नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. कारण फाल्गुन-चैत्रांत त्याच्या डोळ्यांपुढें असतात ते तापलेले माळ, तळ गांठलेल्या विहिरी आणि वाऱ्याबरोबर उठणारे धुळीचे लोट. म्हणून वसंत आपल्याकडे फिरकतच नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. तो येतो; परंतु त्याची भेट घेण्यास पायीं चालून दरींत उतरावें लागतें. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत अशी एक दरी पाहून काय शिकतां येतें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्थलपरिचय

धाराशिव शहराच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर येडशी हें गांव आहे. तेथें मोटारीनें जातां येतें व रेल्वेनेंही जातां येतें. बार्शी लाइट रेल्वे या अरुंद रुळांच्या गाडीचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला व १९११ सालीं ती येडशीवरून लातुरास पोंचली. पुढें रूळ रुंद करण्यांत आले तेव्हां मार्ग बदलून धाराशिव शहरही त्यावर आलें. येडशीचें स्थानक मात्र कायम राहिलें.

गांवापासून जवळच बालाघाटाच्या डोंगरांत एक खोल दरी आहे, व तिच्या तळाशीं रामलिंगाचें मंदिर आहे. ओढ्यानें मंदिरास वळसा घातला असून पावसाळ्यांत येथें धबधबा कोसळतो. सीतेस नेणाऱ्या रावणास जटायूनें येथेंच अडविलें, आणि घायाळ जटायूस पाणी मिळावें म्हणून श्रीरामानें बाण मारून जमिनींतून पाणी काढिलें, अशी लोककथा आहे. आपण कोणत्याही धर्माचे असलों तरी एक गोष्ट ध्यानांत धरावी: ज्या कोरड्या मुलखांत ही कथा सांगितली गेली, त्या मुलखाच्या लोकांस तहानलेल्यास पाणी देणें हें सर्वांत मोठें पुण्य वाटलें.

दरीची घडण

डोंगराच्या कड्याकडे नीट पाहिल्यास त्यांत आडवे थर दिसतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमींतून तप्त शिलारस वारंवार बाहेर पडला, पसरला व थिजला. एकावर एक थिजलेल्या त्या थरांचाच आपला काळा पाषाण झाला. सर्व थर सारखे कठीण नसतात. मऊ थर लौकर झिजतो, कठीण थर पुढें आलेला राहतो. म्हणून उताराला पायऱ्यांचें रूप येतें. पाषाणाच्या उभ्या भेगांतून पाणी शिरतें, कडे सुटतात, आणि दर पावसाळ्यास ओढा आपली वाट थोडी अधिक खोल करितो. आज चार पावलांत ओलांडतां येणाऱ्या या ओढ्यानेंच काळाच्या साहाय्यानें दरी कोरली आहे.

बालाघाट हा जलविभाजकही आहे. आपल्या जिल्ह्यांतील तेरणा व मांजरा यांचें पाणी गोदावरीस जातें, तर सीना व बोरी यांचें भीमेच्या वाटेनें कृष्णेस मिळतें. माथ्यावर पडलेल्या पावसाचा कांहीं भाग पाषाणाच्या फटींतून मुरतो व खालीं दरीच्या बाजूंस हळूहळू पाझरतो. तळाशीं ऊन कमी वेळ पोंचतें, वाराही अडतो. त्यामुळें माळ करपून गेल्यावरही दरीच्या तळाशीं ओल टिकून राहते.

पानांविना फुलें कां?

दरींत उतरतांना प्रथम डोळ्यांत भरतो तो पळस. झाडावर एकही पान नसतें आणि फांद्या केशरी फुलांनीं पेटल्यासारख्या दिसतात. वर्षांतील अत्यंत कोरड्या काळांत झाडानें हा खर्च कां करावा?

याचें उत्तर झाडाच्या हिशेबांत आहे. पानाच्या अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांवाटें पाण्याची सतत वाफ होत असते. भूमींतील ओल कमी झाली कीं झाड पानें गाळतें. म्हणजे मोठा खर्च बंद करितें. खोडांत व मुळांत सांठविलेलें अन्न व पाणी तें फुलांकडे वळवितें. आडोशास पानें नसल्यानें फुलें दुरून दिसतात व पाखरांस तीं शोधावीं लागत नाहींत. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. फाल्गुनांत फूल आलें, तर वैशाख-ज्येष्ठांत शेंग पिकते, व मृगाच्या सरी पडण्याच्या सुमारास बीं भूमीवर पडलेलें असतें. पावसाळ्याचे चार महिने रोपट्यास मूळ धरण्यास मिळतात. शेतकरी पेरणीची जी वेळ पाहतो, तीच हें झाड पाहतें.

एका फुलाचा अभ्यास

पळसाचें फूल तोडूं नये. खालीं पडलेलीं पुष्कळ असतात, त्यांतील एक उचलावें. त्याच्या पांच पाकळ्या मोजाव्या. मागें एक मोठी उभी पाकळी, दोहों बाजूंस दोन पंखांसारख्या, आणि खालच्या दोन एकमेकींस जुळून होडीसारख्या वांकलेल्या. त्या होडींत पुंकेसर व स्त्रीकेसर लपलेले असतात. आतां घरीं गेल्यावर हरभऱ्याचें अथवा तुरीचें फूल आठवावें: रचना हीच. आकार व रंग भिन्न असले तरी पळस व तूर हीं एकाच कुळांतील आहेत. होडीचा वांक पोपटाच्या चोंचीसारखा दिसतो. म्हणूनच संस्कृतांत पळसास किंशुक, म्हणजे ‘हा पोपट कीं काय?’, असें नांव मिळालें.

या फुलास वास नाहीं, पण मध विपुल आहे. शिंजीर, साळुंकी, बुलबुल असे पक्षी मधासाठीं येतात व कपाळाला पराग लावून दुसऱ्या झाडाकडे जातात. वास नसण्याचें कारण येथें कळतें: पक्षी गंधापेक्षां रंग पाहून येतो.

पळसाशेजारीं काटेसावर पाहावी. तिची जाड, लाल, पांच पाकळ्यांची फुलें खालीं पडतांना आवाज होतो. वैशाखाच्या सुमारास तिचीं बोंडें फुटून कापूस उडूं लागतो. तो म्हणजे बियांचें वाहनच होय. पांगाराही याच दिवसांत लाल होतो. बहाव्याचे पिवळे घोंस मात्र फाल्गुनांत शोधूं नयेत. ते चैत्र-वैशाखांत येतात. म्हणून शक्य असल्यास एक महिन्याच्या अंतरानें दोनदां जावें, व तींच झाडें पुनः पाहून वहींत नोंद करावी. एकदां पाहणें ही सहल. दुसऱ्यांदा पाहून ताडणें हा अभ्यास.

लहान वनाचें मोल

हा भाग १९९७ सालीं येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचें क्षेत्र २२ चौरस किलोमीटरांहून थोडेंच अधिक आहे. सभोंवार शेतें, गांवें व रस्ते. एवढ्याशा तुकड्याचा काय उपयोग, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डिसेंबर २०२४ मध्यें एका वाघानें दिलें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला हा तरुण नर शेंकडों किलोमीटर चालून येथें पोंचला, व वनखात्याच्या कॅमेऱ्यानें त्याचें चित्र टिपलें. ज्या जिल्ह्यांत वाघ ही केवळ गोष्टींतील वस्तु झाली होती, तेथें त्यानें ही दरी निवाऱ्यास निवडली; कारण सावली, पाणी व सावज यांची जोड अशा जागींच मिळते.

पाण्याची गोष्टही तशीच आहे. एप्रिल २०१६ मध्यें दुष्काळानें गांजलेल्या लातुरास मिरजेहून पाणी भरलेली आगगाडी न्यावी लागली. ती येडशीच्या रुळांवरूनच गेली. डोंगरउतारावरील गवत व झाडें पावसाचा वेग मोडतात, माती धरून ठेवतात व पाण्यास मुरण्यास अवधि देतात. कोणी विडीचें जळतें थोटूक टाकिलें किंवा चुलीचा विस्तव तसाच सोडिला, कीं वाळल्या गवतास वणवा लागतो. मोठा पळस मुळांतून पुनः फुटेल. परंतु कोंवळीं रोपें व भूमीवरील घरटीं जळून जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळिवानें वाहून जाते. एका निष्काळजी क्षणाचें मोल पुढील उन्हाळ्यांत विहिरीस द्यावें लागतें.

सहलीचे नियम

पालकांनींही पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. वनखात्याची अनुमति आधीं घ्यावी, व वन्य पशूंविषयीं तेथील वनरक्षक सांगेल तें प्रमाण मानावें. मुक्काम दरींत न करितां येडशी गांवांत करावा. शनिवारीं ऊन उतरल्यावर झाडें पाहावींत व अंधारापूर्वीं परतावें. रविवारीं पहांटे पक्षी पाहून ऊन तापण्यापूर्वीं वर चढावें. पाठीवरील पिशवींत पाणी, भाकरी, चटणी, गूळ, टोपी, वही व पेन्सिल एवढें पुरे. कोणीं एकट्यानें मागें राहूं नये. मंदिराजवळील माकडांस खाऊ घालूं नये; त्यानें तीं माणसांच्या अंगावर येण्यास शिकतात. फूल, फांदी, घरटें यांस हात लावूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांत तो गुन्हाच आहे. नेलेला प्रत्येक कागद परत आणावा, आणि विस्तव कोठेंही पेटवूं नये.

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस रानांतील फुलें कशीं वाढतात हें पाहण्यास सांगितलें. शिष्यांचा प्रदेशही उन्हाचा व खडकाळच होता. पाहण्याची ती आज्ञा आपण पुष्कळदां ऐकतों, पाळतों मात्र क्वचित. टंचाईच्या दिवसांत पानें सोडून देऊन पुढील पिढीसाठीं फुलणारा पळस आपल्या उंबरठ्याबाहेर उभा आहे. त्याच्याकडे मन लावून पाहणाऱ्या मुलास आपला जिल्हा दरिद्री वाटणार नाहीं, आणि जो मुलुख आपल्यास श्रीमंत वाटतो, त्याची राखण करण्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पळस, काटेसावर व बहावा यांच्या फुलण्याच्या महिन्यांचा तक्ता करा.
२. तुरीचें व पळसाचें फूल यांतील तीन साम्यें लिहा.
३. आपल्या गांवच्या ओढ्याचें पाणी अखेरीस गोदावरीस जातें कीं कृष्णेस, हें नकाशावरून शोधा.
४. घरांतील वडील माणसांस विचारून गांवांतील सर्वांत जुन्या विहिरीची चैत्रांतील पाणीपातळी पूर्वीं किती असे व आज किती आहे, हें लिहून काढा.